आजी, तू कोण होणार?

(मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय सुचवला होता, 'निवृत्तीनंतरचा वेळ'. मी म्हटलं, मी दर शुक्रवारी संध्याकाळी राक्षस मारते, त्याबद्दल बोलू का? फोनवर थोडा वेळ शांतता. मग आपले सचिव म्हणाले, "मावशी, वीस मिनिटं हं." तेवढ्यात बसवते.

माझ्या मुलाच्या घरी, बेसमेंटमध्ये, दर शुक्रवारी नात धरून पाच मुलं जमतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या नातवंडांना तो ठाऊक असणार. टेबलावर कागद, पेन्सिली, चिप्सचं पातेलं, आणि चमत्कारिक फासे: चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, वीस बाजूंचा. पट असतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे ते काम माझी नात करते. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. "समोर पूल आहे, पुलावर कोणीतरी उभं आहे, काय करता?" असं ती विचारते, आणि ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कोणी एक जण जिंकला असं होत नाही. महिनोन् महिने तीच गोष्ट पुढे चालते.

हा खेळ आपल्या शेजारचाच आहे, हे मला अलीकडे कळलं. उन्हाळ्यात आपण डबे भरून ज्या लेक जिनिव्हाला सहलीला जातो, तिथला. गॅरी गायगॅक्स जन्मला शिकागोत आणि राहायचा लेक जिनिव्हाला. त्याचा जोडीदार डेव्ह आर्नेसन मिनेसोटाचा. दोघांनी मिळून तो रचला आणि १९७४ च्या जानेवारीत काढला. पहिल्या हजार प्रती, त्याही घरी बसून हाताने खोक्यांत भरलेल्या. म्हणजे २०२४ साली या खेळाला ५० वर्षं झाली, आणि मला या देशात ४९. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशेजारी राहिलो आणि ओळख नव्हती.

माझं माहेर मये, गोव्यात, डिचोली तालुक्यात. आमच्याकडेही तळं आहे, आता तिथेही बोटी आहेत. पण आमच्या तळ्याकाठी असलं काही निघालं नाही असं मला वाटायचं. खेळाला बसल्यावर कळलं की आमच्याकडे ते फार आधीपासून होतं. फक्त त्याला पुस्तक नव्हतं.

सांगते. या खेळात शिरताना पहिला प्रश्न येतो: तुझा क्लास कोणता? मला आधी वाटलं, इयत्ता विचारतायत. मग वाटलं, जात विचारतायत की काय. नातीने समजावलं तरी डोक्यात शिरेना. शेवटी माझं मलाच उमगलं, अगं, हे 'पार्ट' विचारतायत!

आमच्या भागात, डिचोली-पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत, जत्रेच्या रात्री दशावतारी काला होतो. तुमच्यातल्या कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. मध्यरात्रीच्या सुमारास गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर येतो, काळ्या बुरख्यात, आणि तो गावच्या बोलीत सगळ्यांची टोपी उडवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. त्यानंतर खरं आख्यान लागतं ते उजाडेपर्यंत. या आख्यानाला लिहिलेलं नाटक नसतं. कथा कोणती ते ठरतं, पार्ट वाटले जातात, आणि मग पेटी-मृदंग-झांजेच्या साथीवर संवाद तिथल्या तिथे, ज्याचे त्याने बोलायचे. राजपार्ट करणाऱ्याने राजासारखं बोलायचं, राक्षसपार्टाने आरोळी ठोकत यायचं, स्त्रीपार्टाने रडवायचं. सगळे पुरुषच. एकेका माणसाचं अख्खं आयुष्य एकाच पार्टात जायचं.

आता मुलांचं पुस्तक उघडा. नातीकडे २०१४ ची आवृत्ती आहे, तीत बारा क्लास आहेत. फायटर म्हणजे लढवय्या, आपला राजपार्ट. बार्बेरियन म्हणजे राग आला की दुप्पट जोर चढणारा, हा राक्षसपार्ट. बार्ड गातो, वाद्य वाजवतो, इकडचं तिकडे करतो. वीणा घेतलेला नारद डोळ्यांसमोर आणा. रोग म्हणजे चोर, मागून येणारा, कुलपं उघडणारा, आमचा संकासुर. गंमत म्हणजे मूळ खेळात तो नव्हताच. १९७४ मध्ये तीनच क्लास होते, लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरून आणणारा. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. संकासुराशिवाय काला म्हणजे काय रंगणार, एका वर्षात त्यांच्याही लक्षात आलं असावं! वॉरलॉक हा एक आहे, तो कुठल्यातरी अमानवी शक्तीशी करार करून जादू मिळवतो. मुलांना तो फार गूढ वाटतो. मी म्हटलं, आमच्याकडे लोक देवचाराला रोट ठेवतात, तसंच की. तेव्हापासून आमच्या वॉरलॉकचा मालक 'देवचार' झाला आहे आणि त्याला विडी लागते. बाकीच्या क्लासांचं आज सोडून देते.

एकाच टेबलावर वेगवेगळे क्लास का लागतात हे मला कोणी समजवावं लागलं नाही. आमच्याकडे सात बहिणींची कथा आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, आमची मयेची महामाया, अशा त्या सात देवी, आणि खेतोबा त्यांचा एकुलता भाऊ. लईराईचे धोंड निखाऱ्यांवरून चालतात. मिराबाय म्हापशाला गेली आणि ती मिलाग्रिस सायबीण झाली अशी श्रद्धा आहे. तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. एका घरातल्या मुली, पण एकीची वाट दुसरीने धरली नाही. ही कथा मी मुलांना सांगितली तर ती म्हणाली, ही तर पार्टीच आहे! पार्टी म्हणजे त्यांच्या भाषेत एकत्र निघालेली टोळी.

क्लास ठरला की अंगचे गुण लिहायचे. ते सहा: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. आकडे ठरलेले असतात: १५, १४, १३, १२, १० आणि ८. कुठला आकडा कुठे घालायचा ते आपण बघायचं. बुद्धी आणि शहाणपण वेगळं कसं, असं मुलं सारखी विचारतात. मी सांगितलं, पाऊस कशाने पडतो हे कळणं ही बुद्धी, आणि मिरग लागायच्या आत कौलं परतून घेणं हे शहाणपण. १५ कुठे घालायचे ते कोणालाही सुचतं. ८ कुठे घालायचे त्यात माणूस कळतो. मी ८ चपळाईला दिले. नात म्हणाली, "आजी, गुडघे तुझे दुखतात, तिचे नाही!" खोडून पुन्हा लिहिलं.

पण मी पुढे गेले. पहिल्या संध्याकाळी काय झालं ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी बाबांबद्दल सांगायला हवं.

काला दशावतारी मंडळी करायची. गावची माणसं देवळाच्या उत्सवात मराठी नाटक करायची. गोव्यात हे गावोगाव होतं, अजून आहे. बाबा मराठी शाळेत मास्तर. सोळाव्या वर्षी ते स्त्रीपार्टाला उभे राहिले, कारण अंग सडपातळ आणि आवाज बारीक. चाळिशी उलटेपर्यंत तेच. येसूबाई, सोयराबाई, पौराणिक असलं तर तारामती. गाव त्यांना नावाजायचं. उत्सव जवळ आला की मिशी उतरायची आणि आई त्यांच्याकडे बघायची नाही. तालीममास्तरांकडे त्यांनी दोन-तीनदा संभाजी मागितला. मंगेशीचे दीनानाथ लतिकाही झाले आणि धैर्यधरही झाले, मग मला का नाही, असं ते म्हणायचे. मास्तर म्हणायचे, तू राजा झालास तर राणी कोण होणार? त्याला उत्तर नव्हतं.

ते संभाजी कुळागरात करायचे. पोफळींना शिंपण सोडलं की पाटाच्या कडेला उभे राहून, मोठ्याने. ऐकायला मी एकटी. त्यांच्या बारीक आवाजातला तो संभाजी मला आजही अख्खा पाठ आहे. मला स्वतःला पार्ट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मुलींकडे काम असायचं ते विड्यांची तबकं फिरवायचं.

मुक्तीनंतर काही वर्षांनी आमचं गावही नाटकाला बाहेरून नटी आणायला लागलं. बाबांचा पार्ट गेला. आता तरी राजपार्ट देतील असं त्यांना वाटलं. त्यांना प्रॉम्प्टिंगला बसवलं, कारण सगळी नाटकं पाठ. म्हणजे देवळापुढे, माणसांनी भरलेल्या मांडवात, संभाजी अखेर त्यांच्या आवाजात आला. पण विंगेतून आणि कुजबुजत.

आता बेसमेंट. मी भजी घेऊन खाली गेले होते. एक खुर्ची रिकामी होती आणि कोणीतरी म्हणालं, बसा ना. नातीने कोरा कागद पुढे केला आणि विचारलं, "आजी, तू कोण होणार?"

मी म्हटलं, "जे कमी असेल ते."

मुलांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांच्याकडे रोग होता, वॉरलॉक होता, रेंजर होता, सॉर्सरर होता. क्लेरिक नव्हता. क्लेरिक कोणालाच नको असतो, कारण दुसऱ्यांना बरं करण्यात आपली पाळी निघून जाते. एका मुलाने कागदावर लिहायलाही घेतलं. नात मात्र माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला हवंय म्हणून, की कोणी नाही म्हणून?"

मंडळी, मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. लग्न झालं, इथं आले, नोकरी केली, सासूबाईंचं केलं, यजमानांच्या आजारपणात सगळं केलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा प्रश्न मला कोणी विचारला होता का ते आठवेना. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगते.

पुढच्या शुक्रवारी मी फायटर घेतली. नाव 'येसू'. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, १५ ताकदीला.

तुमच्यापैकी कोणी बसणार असाल तर एक अनुभवाचा सल्ला देते. बारा क्लासांचा तक्ता वाचून निवडू नका. आपली पाळी आली की आपल्याला काय करावंसं वाटतं ते बघा: पुढे घुसावंसं वाटतं, बोलून वाट काढावीशी वाटते, की मागे राहून सगळं बघावंसं वाटतं? आणि आपल्या वयात पहिल्या खेपेला विझर्ड घेऊ नका. त्याने विश्रांतीनंतर दर वेळी कोणते मंत्र तयार ठेवायचे ते ठरवायचं असतं. आपल्याला गोळ्यांची यादी पुरे. फायटर सोपी. फासा टाका, वीस आले तर आरडाओरडा करा.

पहिल्याच लढाईत तो पूल आला. पुलावर एक धिप्पाड राक्षस. नात म्हणाली, काय करता? मी उभी राहिले. खरंच, खुर्चीवरून उठून उभी राहिले, आणि कुळागरात ऐकलेला आवाज माझ्या तोंडून निघाला, मराठीत. मुलांना एक अक्षर कळलं नाही. नातीला थोडं कळलं असावं. ती काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, "तो एक पाऊल मागे सरकला. दोन फासे टाक, मोठा धर."

इथपर्यंत छान वाटतं ना? चौथ्या शुक्रवारी आमचा रेंजर मेला.

या खेळात अंगातला जीव शून्यावर आला की लगेच मरण नसतं. दर पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा वर पडला तर एक बाजूने, खाली पडला तर विरुद्ध. तीन विरुद्ध गेले की संपलं. त्या मुलाचे चार पडले, मग बारा, मग सात. औषधाच्या बाटल्या संपलेल्या. बाकीचे गराड्यात अडकलेले, मी खिंडीच्या दुसऱ्या टोकाला. फायटरला 'सेकंड विंड' म्हणून एक सोय असते, दम घेऊन जखमा भरून काढायची. पण फक्त स्वतःच्या. मग नऊ पडले. मुलगा तेरा वर्षांचा. आठ महिने तो त्या पात्राचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणत होता. "इट्स फाइन" म्हणाला, आणि त्याने पिझ्झा खाल्ला नाही.

मी क्लेरिक घेतली असती तर तो वाचला असता. कोणी तसं म्हटलं नाही, पण सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तालीममास्तरांची बाजू दिसली. मांडव भरलेला, राणी कोण होणार? राणी लागतेच. बाबांवर अन्याय झाला असं मी आयुष्यभर मानलं, अजूनही मानते. पण कोणीतरी 'मला हवं ते' म्हटलं की त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो, हे त्या मास्तरांना दिसत असणार. त्यांची चूक मला वाटते ती वेगळी. बाबांना काय हवं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण पंचवीस वर्षांत एका वर्षीही पाळी बदलली नाही.

मी नातीला फोन केला, क्लेरिक होऊ का म्हणून. ती म्हणाली, थांब, त्यालाच आधी विचारूया. तो पुढच्या शुक्रवारी आला तो भलीमोठी कुऱ्हाड घेतलेला बार्बेरियन घेऊन. म्हणजे घाव घालणारे आणखी वाढले आणि बरं करणारा एकही नाही. पण पिझ्झा दोन तुकडे खाल्ला.

आता शेवटचं सांगते. माझा मुलगा मला शुक्रवारी घरून घेऊन येतो आणि खेळ संपेपर्यंत वर लॅपटॉप घेऊन बसतो. १९८६ साली तो दहा वर्षांचा होता, तेव्हा एका मित्राकडून हाच खेळ शिकून आला होता. वहीत त्याने एक लांब दाढीचा जादूगार काढला होता, खाली नाव, बाजूला आकडे. तुमच्यातल्या तेव्हाच्या आईबापांना आठवत असेल, त्या सुमारास टीव्हीवर या खेळाविरुद्ध किती काय काय सांगायचे, की मुलं बिघडतात, जिवाचं बरंवाईट करतात. आम्ही नवे. कोणाला विचारणार? बंद म्हटलं. शिवाय गणिताची स्पर्धा होती. त्याने पुन्हा विषय काढला नाही. वही कुठे गेली मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी तो ग्लास भरायला खाली आला आणि उभाच राहिला. बराच वेळ. नातीने कोरा कागद पुढे केला. "बाबा, तू कोण होणार?"

तो हसला आणि म्हणाला, "जे कमी असेल ते."

मी म्हटलं, "तुका कितें जाय तें सांग."

कोकणी त्याला धड येत नाही. पण मी ती घरात क्वचित बोलते, आणि बोलले की तो ऐकतो. त्याने खुर्ची ओढली, पेन्सिल घेतली आणि 'विझर्ड' लिहिलं. मग वर नाव लिहिलं, न थांबता. ते मी एकदा वाचलेलं होतं, दाढीवाल्या चित्राखाली.

म्हणजे आमच्याकडे क्लेरिक अजूनही नाही. शुक्रवार, संध्याकाळी सात, जेवण तिथेच, पत्ता माझ्याकडून घ्या. आमची अडचण आहे म्हणून कोणी येऊ नका. पण इथं बसलेल्यांत कोणाला खरोखरच क्लेरिक व्हायचं असेल, अगदी आवडीने, तर एक खुर्ची ठेवली आहे. फासे आम्ही देऊ.